पाउल ग्राविट्झ

पाउल आल्बर्ट ग्राविट्झ (१ ऑक्टोबर, १८५० – २७ जून, १९३२) हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ होते. प्रौढ वयात मूत्रपिंडात उद्भवणाऱ्या सर्वांत नेहमीच्या कर्करोगाला वैद्यकात दीर्घकाळ 'ग्राविट्झची गाठ' म्हटले जात असे. या गाठी मूत्रपिंडाच्या स्वतःच्या पेशींपासून होत नाहीत. मूत्रपिंडावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीचे जे कण जन्मापूर्वीच मूत्रपिंडात अडकून राहतात, त्यांच्यापासून त्या होतात, असे मत त्यांनी १८८३ साली मांडले. हे मत पुढे चुकीचे ठरले. मात्र गाठीतील पेशी मूळची कोणत्या अवयवाची, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न आजही कर्करोगाच्या निदानाचा गाभा आहे. पेशींमधील विशिष्ट प्रथिने ओळखून आता त्याचे उत्तर शोधले जाते.

जीवन

ग्राविट्झ यांचा जन्म प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतातील ब्यूटोव्ह जिल्ह्यात त्सेरिन या खेड्यात झाला. हा प्रदेश आज पोलंडमध्ये आहे. त्यांनी हाले व बर्लिन येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८७३ मध्ये बर्लिन येथे डॉक्टरेट मिळवली. पेशीविषयक विकृतिशास्त्राचे जनक मानले गेलेले रुडॉल्फ फिर्खो तेव्हा बर्लिनमध्ये अध्यापन करीत होते. ग्राविट्झ यांना त्यांचे साहाय्यक म्हणून काम करण्याची संधी मिळाली. शवविच्छेदन, उघड्या डोळ्यांनी अवयवाचे निरीक्षण आणि त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींची तपासणी ही फिर्खो यांच्या संस्थेतील शिस्त ग्राविट्झ यांच्या कामातही उतरली.

१८८६ मध्ये ते बाल्टिक समुद्राजवळील ग्राइफ्सवाल्ड येथील विद्यापीठात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथील विकृतिशास्त्र संस्थेची धुरा त्यांनी १९२१ मध्ये निवृत्त होईपर्यंत वाहिली. निवृत्तीनंतरही त्यांचे वास्तव्य ग्राइफ्सवाल्ड येथेच होते आणि तेथेच १९३२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे धाकटे बंधू एर्न्स्ट ग्राविट्झ (१८६०–१९११) हे रक्तविकारांचे अभ्यासक होते. तांबड्या रक्तपेशींत दिसणाऱ्या निळसर ठिपक्यांच्या संदर्भात जुन्या वैद्यकीय ग्रंथांत येणारे ग्राविट्झ हे नाव या बंधूंचे आहे. दोघांच्या नावांची गल्लत होऊ नये म्हणून हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

१८८३ चा शोधनिबंध

मूत्रपिंडाच्या पृष्ठभागालगत, आवरणाच्या आतल्या बाजूस, कधीकधी पिवळ्या रंगाच्या लहान गाठी आढळतात. त्यांच्या पेशींमध्ये मेद भरपूर असल्यामुळे त्या काळचे विकृतिशास्त्रज्ञ त्यांना मेदार्बुदे, म्हणजे चरबीच्या गाठी, समजत. फिर्खो यांच्याच नियतकालिकात १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूत्रपिंडातील तथाकथित मेदार्बुदांवरील निबंधात ग्राविट्झ यांनी या समजुतीला हरकत घेतली. शीर्षकातील 'तथाकथित' या शब्दातच त्यांचे म्हणणे आले होते. या गाठी चरबीच्या नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले आणि हा भाग बरोबर होता.

मग त्या कशाच्या? ग्राविट्झ यांनी पुढील निरीक्षणे एकत्र केली. गाठीतील पेशी मोठ्या, बहुभुजाकृती व मेदाच्या थेंबांनी भरलेल्या होत्या. शेजारच्या मूत्रनलिकांच्या पेशींशी त्यांचे साम्य दिसत नव्हते. अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्य भागातील पेशी मात्र अशाच पिवळसर आणि मेदयुक्त असतात. गाठी बहुधा आवरणालगत असत आणि भोवतालच्या मूत्रपिंडापासून वेगळ्या उठून दिसत. शिवाय अधिवृक्क ग्रंथीचे सुटे कण मूत्रपिंडाच्या आवरणाखाली सापडतात, हे शवविच्छेदनांतून माहीत झालेले होते. भ्रूणावस्थेत हे दोन अवयव एकमेकांना अगदी लागून घडत असल्यामुळे असे घडू शकते.

या निरीक्षणांना तत्कालीन विचाराचाही आधार होता. फिर्खो यांचे दुसरे शिष्य युलिउस कोनहाइम यांनी, भ्रूणावस्थेत चुकीच्या जागी राहून गेलेल्या पेशींपासून पुढे अर्बुदे निर्माण होतात, असा सिद्धान्त मांडला होता. ग्राविट्झ यांचा निष्कर्ष त्या चौकटीत चपखल बसला. उपलब्ध साधनांनी जेवढे दिसत होते, त्यावरून काढलेले ते सुसंगत अनुमान होते.

'हायपरनेफ्रोमा' हे नाव

ग्राविट्झ यांनी प्रथम लहान गाठींविषयी लिहिले होते. परंतु हेच मत लवकरच मूत्रपिंडातील मोठ्या, पसरणाऱ्या कर्करोगांनाही लागू केले गेले. १८९० च्या दशकात या गाठींसाठी अधिवृक्क ग्रंथीशी नाते सांगणारी नावे रूढ होऊ लागली. त्यांतून आलेला 'हायपरनेफ्रोमा' हा शब्द 'वर' आणि 'मूत्रपिंड' या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनलेला आहे. मूत्रपिंडाच्या वर असलेल्या ग्रंथीची गाठ असा त्याचा आशय होता. एका अनुमानाचे अशा रीतीने नाव झाले. अनुमानाला आव्हान देता येते. नाव मात्र सवयीने टिकते. म्हणूनच मूळ सिद्धान्त मागे पडल्यावरही हा शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रुग्णालयांतील अहवालांत आणि पाठ्यपुस्तकांत येत राहिला.

सुप्त पेशींचा सिद्धान्त

ग्राविट्झ यांचे दुसरे वादग्रस्त मत दाहाच्या प्रक्रियेविषयी होते. संयोजी ऊतींच्या तंतुमय भागात पेशी सुप्त स्वरूपात विलीन होऊन राहतात आणि दाह झाला की त्या पुन्हा जाग्या होऊन दिसू लागतात, असे त्यांनी १८९० च्या दशकात प्रतिपादन केले. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते, या फिर्खो यांच्या मूलभूत तत्त्वाला हा छेद होता. बहुतेक विकृतिशास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही.

आक्षेप

मूत्रपिंडाचा कर्करोग मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशींपासूनच होतो, हे मत ग्राविट्झ यांच्यापूर्वीचे आहे. फ्रान्समध्ये शार्ल रोबँ यांनी १८५५ मध्ये व जर्मनीत विल्हेल्म वाल्डायर यांनी १८६७ मध्ये ते मांडले होते. १८८३ च्या निबंधानंतर हे मत काही काळ झाकोळले गेले. १८९३ मध्ये पाउल झुडेक यांनी या गाठी व मूत्रनलिका यांच्या रचनेतील साम्य दाखवून ग्राविट्झ यांना विरोध केला. १९०८ मध्ये व्हिएन्नाचे ऑस्कर श्टोर्क यांनीही अधिवृक्क मूळ नाकारले.

तरीही वाद मिटला नाही आणि त्याचे कारण साधनांच्या मर्यादेत होते. दोन्ही पक्ष त्याच काचपट्ट्या पाहत होते. नेहमीच्या पद्धतीने ऊतींचा छेद तयार करताना वापरल्या जाणाऱ्या अल्कोहोलसारख्या द्रावकांमुळे पेशींतील मेद विरघळून जातो, ग्लायकोजेनही बरेचसे नाहीसे होते आणि पेशीचे अंतरंग रिकामे, स्वच्छ दिसू लागते. यावरूनच या कर्करोगाला पुढे 'स्वच्छपेशी' हे विशेषण मिळाले. मात्र स्वच्छ दिसणारी पेशी अनेक अवयवांच्या गाठींत आढळते. केवळ आकार आणि रंग यांवरून तिचे कूळ निर्विवादपणे सांगणे शक्य नव्हते. ग्राविट्झ यांच्या हयातीत हा प्रश्न सर्वमान्य रीतीने सुटला नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पुरावा

ग्राविट्झ यांच्या निधनानंतर २८ वर्षांनी, १९६० मध्ये, शार्ल ओबरलिंग व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी स्वच्छपेशी कर्करोगाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. मूत्रपिंडातील नलिकेच्या सुरुवातीच्या भागातील पेशींना आतल्या बाजूने ब्रशच्या केसांसारखी दाट, अतिसूक्ष्म प्रवर्धने असतात. तशीच प्रवर्धने कर्करोगाच्या पेशींतही आढळली. अधिवृक्क ग्रंथीच्या पेशींत अशी रचना नसते. मूत्रपिंडाच्या पेशी कर्करुग्ण झाल्या तरी आपल्या मूळ घडणीचा काही अंश राखून असतात, हे त्यातून स्पष्ट झाले आणि अधिवृक्क मूळाचा सिद्धान्त संपुष्टात आला.

परंतु इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक महाग होता आणि त्याची तयारी वेळखाऊ होती. दररोज येणाऱ्या प्रत्येक गाठीसाठी तो वापरणे अशक्यप्राय होते. सर्वसाधारण रुग्णालयात वापरता येईल अशी पद्धत वेगळ्या वाटेने आली.

प्रथिन-खुणांची पद्धत

शरीरातील सर्व पेशींत एकच जनुकसंच असला, तरी प्रत्येक प्रकारची पेशी त्यांतील ठरावीक जनुकेच कार्यान्वित ठेवते. त्यामुळे तिच्यातील प्रथिनांचा संच वेगळा असतो. ज्या प्रथिनावरून पेशीचे मूळ किंवा तिच्यातील बिघाड ओळखता येतो, त्याला प्रथिन-खूण म्हणता येईल. अशी खूण दिसण्यासाठी प्रतिपिंडांचा उपयोग केला जातो, कारण प्रतिपिंड आपल्या ठरावीक लक्ष्यालाच चिकटतो.

अमेरिकेतील आल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडाला चमकणारे रंगद्रव्य जोडून हे तत्त्व सिद्ध केले. १९६६ मध्ये पॉल नाकाने व बॅरी पिअर्स यांनी रंगद्रव्याऐवजी पेरॉक्सिडेज हे विकर जोडले. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीच खूण दिसू लागली. १९७५ मध्ये गेऑर्ग कोलर व सेझार मिलस्टाइन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारे एककृंतक प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची रीत शोधली. या कार्याबद्दल त्यांना १९८४ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

या पद्धतीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री असे नाव आहे. फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेल्या ऊतीचा ३ ते ५ मायक्रोमीटर जाडीचा काप काचपट्टीवर घेतात. फॉर्मॅलिनमुळे झाकली गेलेली प्रथिने उष्णता देऊन पुन्हा उघडी करतात. नंतर त्यावर प्रतिपिंड सोडतात, जादा प्रतिपिंड धुऊन टाकतात आणि विकराच्या साहाय्याने रंग उत्पन्न करतात. प्रथिन असेल तेथे बहुधा तपकिरी रंग उमटतो. तो पेशीच्या केंद्रकात आहे, आवरणावर आहे की आतील द्रवात आहे, यालाही अर्थ असतो.

मूत्रपिंडाचे कर्करोग वेगवेगळे ओळखणे

ग्राविट्झ यांच्या काळी एकच मानला गेलेला हा रोग प्रत्यक्षात अनेक रोगांचा समूह आहे. त्यांपैकी स्वच्छपेशी कर्करोग सुमारे ७० ते ७५ टक्के असतो. त्याखालोखाल अंकुरकयुक्त (पॅपिलरी) आणि क्रोमोफोब हे प्रकार येतात. क्रोमोफोब प्रकार हा मानवात स्वतंत्रपणे ओळखला गेला तो १९८५ मध्ये, वोल्फगांग थोएनेस व त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांमुळे. हे सर्व प्रकार सारख्याच वेगाने वाढत नाहीत आणि एकाच उपचाराला सारखा प्रतिसादही देत नाहीत. त्यामुळे वर्गीकरणाचा परिणाम थेट रुग्णावर होतो.

गाठ मूत्रपिंडाची आहे काय, हे ठरवण्यासाठी पॅक्स-८ या प्रथिनाची तपासणी उपयोगी पडते. गर्भावस्थेत मूत्रपिंडाची घडण होताना हे प्रथिन काम करते आणि प्रौढपणीही नलिकांच्या पेशींच्या केंद्रकांत आढळते. फुप्फुसात, हाडात किंवा मेंदूत गाठ सापडली आणि मूळ रोग कोठे आहे हे कळत नसले, तर पॅक्स-८ मूत्रपिंडाकडे बोट दाखवू शकते. मात्र अवटू ग्रंथीच्या आणि स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या काही कर्करोगांतही ते असते. म्हणून त्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देत नाहीत.

स्वच्छपेशी प्रकारासाठी कार्बनिक अनहायड्रेज-९ ही महत्त्वाची खूण आहे. १९८६ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी मूत्रपिंडाच्या कर्करोगाला चिकटणारा, पण निरोगी मूत्रपिंडाला न चिकटणारा एक प्रतिपिंड वर्णिला होता. त्याचे लक्ष्य हेच प्रथिन असल्याचे पुढे कळले. १९९३ मध्ये शोधल्या गेलेल्या व्हीएचएल या जनुकामुळे यामागचे कारण उलगडले. या जनुकाचे प्रथिन निरोगी पेशीत ऑक्सिजनच्या कमतरतेला प्रतिसाद देणाऱ्या घटकांना आवरून धरते. बहुतेक स्वच्छपेशी कर्करोगांत ते निकामी होते. मग पुरेसा ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागू लागते आणि कार्बनिक अनहायड्रेज-९ मोठ्या प्रमाणात बनवते. येथे खूण आणि रोगाचे कारण एकाच साखळीतील दुवे आहेत.

अंकुरकयुक्त प्रकारात सायटोकेरॅटिन-७ आणि एएमएसीआर ही प्रथिने बहुधा आढळतात. क्रोमोफोब प्रकारात किट आणि सायटोकेरॅटिन-७ असतात. याच्याशी साम्य असणारी ऑन्कोसायटोमा ही गाठ निरुपद्रवी असते. तिच्यातही किट असते; पण सायटोकेरॅटिन-७ अगदी मोजक्या पेशींत दिसते. स्वच्छ पेशींची, अंकुरक असलेली आणखी एक गाठ सायटोकेरॅटिन-७ सर्वत्र दाखवते. तिचे वर्तन इतके सौम्य आहे की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात तिच्या नावातून कर्करोगवाचक शब्द काढण्यात आला.

कधीकधी एखाद्या प्रथिनाचा अभाव हीच खूण ठरते. फ्युमरेट हायड्रेटेज किंवा सक्सिनेट डिहायड्रोजनेज यांचा अंश गाठीतून नाहीसा झालेला आढळला, तर आनुवंशिक रोगाचा संशय येतो. अशा वेळी काचपट्टीवर न उमटलेला रंग रुग्णाच्या भावंडांना आणि मुलांना तपासणीचा सल्ला देण्याचे कारण बनतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. कोणतीही खूण पूर्णतः एकाच रोगाची नसते. ऊती नीट टिकवलेली नसल्यास रंग फसवा येतो. त्यामुळे अनेक खुणांचा संच, पेशींची रचना आणि रुग्णाची माहिती यांचा एकत्रित विचार करावा लागतो. त्यानेही उलगडा न झाल्यास जनुकीय तपासणीकडे वळतात.

ग्राविट्झ यांच्या प्रश्नाचे आजचे उत्तर

अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्य भागातील पेशी आणि मूत्रपिंडाच्या स्वच्छपेशी कर्करोगाच्या पेशी यांतील ज्या साम्याने ग्राविट्झ यांची दिशाभूल केली, ते साम्य आजही सूक्ष्मदर्शकाखाली तसेच दिसते. आता मात्र दोहोंत प्रथिनांवरून भेद करता येतो. अधिवृक्क पेशींत एसएफ-१, इनहिबिन आणि मेलॅन-ए ही प्रथिने आढळतात व पॅक्स-८ आढळत नाही. मूत्रपिंडाच्या स्वच्छपेशी कर्करोगात चित्र सामान्यतः याच्या उलट असते.

या भेदाची गरज व्यवहारात खरोखरच पडते. ग्राविट्झ यांनी सांगितलेले अधिवृक्क ग्रंथीचे अडकलेले कण काल्पनिक नाहीत. काही लोकांच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली ते असतात आणि निरुपद्रवी असतात. शस्त्रक्रियेत किंवा बायॉप्सीत असा पिवळा कण हाती आला, तर स्वच्छ पेशींमुळे तो कर्करोग समजला जाण्याचा धोका असतो. ग्राविट्झ यांनी कर्करोगाला अधिवृक्क ग्रंथी मानले होते. येथे अधिवृक्क ग्रंथीलाच कर्करोग मानण्याची, म्हणजे नेमकी उलटी, चूक होऊ शकते. प्रतिपिंडांचा छोटासा संच ती चूक टाळतो आणि निरोगी व्यक्ती कर्करुग्ण ठरण्यापासून वाचते.

मूल्यमापन

ग्राविट्झ यांचे नाव ज्या सिद्धान्ताशी जोडले गेले, तो असत्य ठरला. तरी त्यांच्या १८८३ च्या निबंधाचे वैद्यकाच्या इतिहासातील स्थान अबाधित आहे. चरबीची गाठ म्हणून दुर्लक्षिल्या गेलेल्या एका विकाराकडे त्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि त्यावर पुढची पाऊणशे वर्षे चाललेल्या संशोधनाला चालना दिली. दिसण्यातील साम्य म्हणजे मूळ एक असल्याचा पुरावा नव्हे, हा धडाही त्यांच्याच उदाहरणावरून विकृतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दिला जातो.

'हायपरनेफ्रोमा' हा शब्द आता वर्गीकरणातून हद्दपार झाला आहे आणि 'ग्राविट्झची गाठ' ही संज्ञा मुख्यतः ऐतिहासिक उल्लेखांपुरती उरली आहे.